ताप उतरला, मग रिपोर्ट का बिघडले? डेंग्यूच्या रुग्णाच्या रक्तात काय चाललेलं असतं

प्रश्न थोडक्यात असा. चौतीस वर्षांचा भाऊ डेंग्यूने ॲडमिट आहे, आज सहावा दिवस. ताप काल सकाळपासून नाही. तरी डॉक्टर सोडत नाहीत, उलट दिवसातून दोनदा रक्त काढतात. तिसऱ्या दिवशी ॲडमिट केलं तेव्हा पीसीव्ही ४१ आणि प्लेटलेट १ लाख ३८ हजार होत्या. आज पीसीव्ही ४७.५, प्लेटलेट ३८ हजार, एसजीओटी ४१२, एसजीपीटी १८८, बिलिरुबिन ०.८, सोडियम १२९, पोटॅशियम ३.४, अल्ब्युमिन ३.०, कॅल्शियम ७.७, क्रिएटिनिन १.२. घरच्यांचे मुख्य तीन सवाल आहेत. लिव्हर गेलं का? विषाणूच्या तापात अंगातलं मीठ कसं कमी होतं? आणि डॉक्टर पेशी चढवायला टाळाटाळ का करतायत?

मी एका जिल्ह्याच्या गावी बावीस वर्षं फिजिशियन म्हणून काम करते. पावसाळा ओसरायला लागला की माझा निम्मा दिवस याच सवालांना उत्तरं देण्यात जातो. तुमच्या भावाला मी तपासलेलं नाही. त्याची नाडी, बीपी, पोट, लघवी यातलं काहीच मला माहीत नाही, आणि डेंग्यूत हे सगळं रिपोर्टच्या आधी येतं. त्यामुळे खाली लिहितेय ते आकडे कसे वाचायचे याबद्दल आहे. उपचार तिथल्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

तुम्ही आठ वेगवेगळे बिघाड समजून आठ वेगवेगळ्या काळज्या करताय. लिव्हरची वेगळी, मिठाची वेगळी, पेशींची वेगळी. माझ्या मते त्यातले निदान पाच आकडे एकच गोष्ट सांगतायत. भावाच्या रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांच्या बाहेर चाललंय. डॉक्टर त्याच्यावर नजर ठेवून आहेत, म्हणून डिस्चार्ज नाही.

रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचं एकपदरी अस्तर असतं आणि त्या अस्तरावर एक बुळबुळीत नाजूक थर असतो. रक्तातलं पाणी आणि प्रथिनं आतच राहावीत ही जबाबदारी या दोघांची. डेंग्यूचा विषाणू एनएस-१ नावाचं एक प्रथिन रक्तात सोडतो. हो, ज्याची टेस्ट तुम्ही पहिल्या दिवशी केलीत तेच. ते नुसतं निदानाच्या कामाचं नाही, ते स्वतःच हा थर विस्कटतं, हे २०१५ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. त्यात भर पडते आपल्याच प्रतिकारशक्तीची. विषाणू कमी होत जातो तशी तिची धामधूम शिगेला पोचते आणि अस्तराच्या फटी रुंदावतात. म्हणून गळती ताप उतरण्याच्या सुमारास सुरू होते, ताप भरात असताना सहसा नाही. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात कधीतरी, आणि चालते २४ ते ४८ तास. कोऱ्या माठासारखं समजा. फुटलेला नसतो, पण पाझरत राहतो.

आता तुमचे आकडे.

पीसीव्ही म्हणजे शंभर भाग रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती. आमटी गॅसवर विसरली की आटून दाट होते. डाळ वाढलेली नसते, पाणी गेलेलं असतं. भावाची पीसीव्ही ४१ वरून ४७.५ झाली म्हणजे रक्त दाट झालं, सोळा टक्क्यांच्या आसपास. वीस टक्के वाढ म्हणजे ठळक गळती असं मानायची पद्धत आहे. ती आग्नेय आशियातल्या लहान मुलांच्या अनुभवातून आली आणि जगभर रुळली. तुमच्या भावाच्या बाबतीत ती रेष ४९ च्या जवळपास येते. तो तिच्या अलीकडे आहे, पण त्याच वाटेवर आहे. आणि गंमत बघा, ४७.५ पुढे लॅबच्या रिपोर्टवर ठळक अक्षर नाही की बाण नाही. पुरुषांची नॉर्मल पट्टी पन्नासपर्यंत जाते. त्यामुळे घरच्यांनी तो आकडा वाचलाच नसेल. सगळी नजर ३८ हजारांवर.

हे मी इतकं ठासून सांगतेय कारण मी स्वतः यात फसलेय. निवासी डॉक्टर होते तेव्हाची गोष्ट. शेतमजूर बाई, तिशीतल्या, मुळातच रक्त कमी, हिमोग्लोबिन नऊच्या आसपास. आल्या तेव्हा पीसीव्ही २८. पाचव्या दिवशी ताप गेला, पीसीव्ही ३४. बायकांची नॉर्मल पट्टी छत्तीसपासून सुरू होते, म्हणजे कागदावर तर अजूनही कमीच. 'रक्त सुधारतंय' असं मनात म्हणून मी केसपेपरवर 'स्थिर' लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे वळले. मागून येणाऱ्या सरांनी कागद बघितलाच नाही. त्यांनी बाईंचा हात हातात घेतला. तळवा गार. नख दाबून सोडलं, तर गुलाबी रंग परत यायला तीन-चार सेकंद लागले. बीपी १०० वर ८४. मी वरचा शंभर बघून खूश होते. सरांनी दोन्हीतला फरक विचारला. सोळा. वीस किंवा त्याखाली फरक म्हणजे शॉक सुरू झालाय, बीपी पडायची वाट बघायची नसते. आणि २८ वरून ३४ म्हणजे एकवीस टक्के वाढ. त्या बाई वाचल्या. पण त्या दिवसापासून मी पीसीव्हीचा आकडा एकटा कधीच वाचत नाही, पहिल्या दिवसाचा शेजारी ठेवूनच वाचते. तुमच्याकडे तिसऱ्या दिवसाचा ४१ आहे हे फार चांगलं झालं. पुष्कळांकडे तो नसतोच. पाचव्या दिवशी धावत येतात आणि मग आम्हाला अंदाज बांधावा लागतो.

अल्ब्युमिन ३.०. हे रक्तातलं प्रथिन लिव्हरमध्ये तयार होतं, म्हणून ते कमी झालं की 'लिव्हर काम करेना' असा निष्कर्ष निघतो. पण अल्ब्युमिन रक्तात सुमारे तीन आठवडे टिकतं. लिव्हरने आज उत्पादन बंद केलं तरी तीन दिवसांत ते इतकं उतरणार नाही. ते पाण्याबरोबर फटींतून बाहेर गेलंय. पीसीव्ही वर आणि अल्ब्युमिन खाली, ही जोडी गळतीची सही आहे. उलट्या-जुलाबाने नुसतं पाणी गेलं असतं तर दोन्ही वर गेले असते. या एका कारणासाठी मी अल्ब्युमिन मागवते. रक्तस्राव आणि गळती एकाच वेळी असतील तर पीसीव्ही फसवी ठरते, दाट होणं आणि कमी होणं एकमेकांना झाकतात. तेव्हा अल्ब्युमिन आणि सोनोग्राफी खरं बोलतात. सोनोग्राफीत उजव्या फुफ्फुसाशेजारी थोडं पाणी आणि पित्ताशयाची जाड झालेली भिंत दिसते. 'पित्ताशयाला सूज' वाचून ऑपरेशनची चौकशी करायला आलेले नातेवाईकही मी पाहिलेत. ते तेच गळलेलं पाणी आहे, आठवड्यात जातं.

कॅल्शियम ७.७ चा उलगडा याच्यातच आहे. रक्तातलं जवळजवळ निम्मं कॅल्शियम अल्ब्युमिनच्या पाठीवर बसून फिरतं. अल्ब्युमिन गेलं की ते मोजणीतून गळतं. ढोबळ हिशोब असा, की अल्ब्युमिन चारपेक्षा एका ग्रॅमने कमी असेल तर कॅल्शियममध्ये ०.८ मिळवायचे. ७.७ अधिक ०.८ म्हणजे ८.५. खालच्या कडेला, पण ठीक. मात्र पेशंट आयसीयूत असेल, बीपी पडलं असेल, तर हा हिशोब पुरत नाही. तेव्हा आयनाइज्ड, म्हणजे अल्ब्युमिनला न चिकटलेलं मोकळं कॅल्शियम वेगळं मोजतात आणि गरज पडली तर देतात.

आता मीठ. सोडियम १२९ बघून तुम्ही विचारलंय की भावाला मीठ चाटवायचं का. नको. कमी सोडियमचा अर्थ दर वेळी मीठ कमी पडलं असा नसतो. आमटीत वरून तांब्याभर पाणी ओतलं तर मीठ तेवढंच असूनही ती अळणी लागते. इथे बहुतेक तसंच झालंय. गळतीमुळे वाहिन्यांतलं पाणी कमी झालं की मेंदूला वाटतं शरीर कोरडं पडलंय. तो एक संप्रेरक सोडतो आणि किडनीला हुकूम जातो, पाणी धरून ठेव. मळमळ, अंगदुखी आणि ताप यांनीही तोच हुकूम सुटतो. किडनी पाणी धरते आणि त्याच वेळी घरचे पाजत असतात साधं पाणी, मोसंबी ज्यूस, आणि दर दोन तासांनी शहाळं.

शहाळ्याबद्दल दोन वाक्यं जास्त लिहिते, कारण दवाखान्याच्या दारात डेंग्यूच्या मोसमात शहाळेवाल्याची गाडी हटत नाही. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, सोडियम अगदी थोडं. सोडियम भरून काढायला ते निरुपयोगी आहे. भावाचं पोटॅशियम ३.४ आहे आणि लघवी व्यवस्थित होतेय, तर दिवसाला एक-दोन शहाळ्यांना माझी हरकत नाही, उलट्यांनी आणि न खाण्याने उतरलेलं पोटॅशियम त्याने थोडं भरेल. पण ज्याची किडनी मंद आहे, लघवी कमी होतेय, त्याला शहाळ्यामागून शहाळं पाजणं धोक्याचं. साध्या पाण्याऐवजी ओआरएस द्या. पुडी बरोबर एक लिटर पाण्यात घातली तर लिटरला ७५ मिलिमोल सोडियम मिळतं. रक्ताच्या मानाने तेही कमीच, पण शून्यापेक्षा बरं. भाताची पेज मीठ घालून, ताक मीठ घालून, हेही चालतं आणि तोंडाला बरं लागतं.

सलाईनच्या बाटलीचंही तसंच आहे. आपण सगळ्यालाच 'सलाईन' म्हणतो. नॉर्मल सलाईनमध्ये लिटरला १५४ सोडियम असतं, रिंगर लॅक्टेटमध्ये सुमारे १३०, आणि नुसत्या पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीत सोडियम शून्य. गावात तापाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत 'अशक्तपणासाठी ग्लुकोजची बाटली' लागलेली असते, ती बहुतेकदा ही शेवटची. १२९ ची बातमी तिथून सुरू झालेली मी पुष्कळदा पाहिलीय. भावाला ॲडमिट व्हायच्या आधी अशी बाटली लागली होती का, ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि पेशंट वयस्कर असेल तर बीपीच्या गोळीचं पाकीट बघा. नावाच्या शेवटी 'एच' असेल तर त्यात लघवी वाढवणारं, सोडियम उतरवणारं औषध असतं. डेंग्यूत ती गोळी आम्ही पहिल्या दिवशी थांबवतो.

१२९ ला घाबरायचं का? पेशंट शुद्धीत असेल, नीट बोलत असेल, तर नाही. आकडा १२५ च्या खाली गेला, बडबड सुरू झाली, झापड आली, झटका आला, तर ती तातडी आहे. एरवी सोडियम घाईने वर खेचणंच जास्त धोक्याचं, त्याने मेंदूला इजा होते. आम्ही चोवीस तासांत आठ-दहाच्या वर चढू देत नाही. गळती थांबली की बहुतेकांचं आपोआप वर येतं.

लिव्हर. खरं सांगायचं तर तुमच्या यादीत मला सगळ्यात कमी काळजी याची वाटली. डेंग्यूत एसजीओटी, एसजीपीटी, म्हणजे पेशी दुखावल्या की रक्तात उतरणारी एन्झाइम्स, वाढणं हा नियम आहे, अपवाद नाही. विषाणू स्वतः लिव्हरच्या पेशींत शिरतो आणि त्याच्याशी चाललेल्या लढाईतही पेशी मरतात. ओळखायची खूण अशी, की डेंग्यूत एसजीओटी एसजीपीटीच्या वर असतं, बऱ्याचदा दुप्पट. भावाचं ४१२ ला १८८, अगदी तसंच. कारण एसजीओटी नुसत्या लिव्हरमध्ये नसतं, स्नायूंत आणि तांबड्या पेशींतही असतं, आणि डेंग्यूत स्नायूही मार खातात. हाडमोड्या ताप म्हणतात तो उगाच नाही. नेहमीच्या कावीळीत चित्र उलटं, एसजीपीटी वर आणि बिलिरुबिन, म्हणजे कावीळीचं पिवळं द्रव्य, चढलेलं. भावाचं बिलिरुबिन ०.८ आहे. डोळे पिवळे नाहीत. म्हणजे लिव्हरला मार बसलाय, पण त्याचं काम चालू आहे.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे उद्या फोनाफोनी होणार नाही. हे आकडे ताप गेल्यावरही दोन-तीन दिवस वाढतात. दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला शिखर गाठतात आणि उतरायला दोन-तीन आठवडे घेतात. उद्या एसजीओटी साडेपाचशे आलं आणि भाऊ उठून बसला असेल, तर भावाकडे बघा. कुठल्याही एकाने हजार ओलांडले तर तो जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या वर्गवारीत गंभीर डेंग्यू ठरतो. तेव्हा रक्त गोठण्याची वेळ, साखर आणि शुद्ध या तिन्हींवर लक्ष ठेवावं लागतं. त्या दिशेने जाऊ नये म्हणून घरच्यांच्या हातात एकच गोष्ट आहे, पॅरासिटामॉल मोजून. साडेसहाशेची गोळी डॉक्टरांनी दिली, पाचशेची काकांनी दिली, सर्दीच्या गोळीतही तेच होतं, असं तीन वाटांनी पोटात जातं आणि कुणी बेरीज करत नाही. मी मोठ्या माणसाला दिवसाला तीन ग्रॅमच्या वर जाऊ देत नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन अजिबात नाही, मग अंग कितीही ठणको.

लिव्हरच्या टॉनिकबद्दल विचारलं नाहीत, पण विचाराल. गरज नाही.

किडनीचं काम सांगणाऱ्या क्रिएटिनिन १.२ चं एवढंच, की आधीचा आकडा शोधा. मागच्या वर्षी कंपनीच्या तपासणीत ०.८ असेल तर १.२ ही वाढ आहे, पाणी कमी पडल्याची. भाऊ मुळातच पीळदार अंगाचा असेल तर त्याचं नेहमीचंच असू शकतं. यापेक्षा सोपं आणि खरं माप म्हणजे लघवी. ताशी किलोमागे अर्धा मिलिलिटर. सत्तर किलोच्या माणसाला तासाला ३५, म्हणजे सहा तासांत दोनशेच्या वर. प्लास्टिकचं युरिन पॉट घ्या, वेळ आणि माप रिपोर्टच्या पाठीमागे लिहा. राऊंडला डॉक्टर आले की तो कागद पुढे करा. माझ्यापुढे कुणी असा कागद ठेवला तर मी पहिला तोच वाचते.

राहता राहिल्या प्लेटलेट, ज्यांना आपल्याकडे सर्रास 'पांढऱ्या पेशी' म्हणतात. त्या पांढऱ्या पेशी नव्हेत. डेंग्यूत पांढऱ्याही कमी होतात, आधी त्याच होतात, म्हणून घोळ वाढतो. प्लेटलेट कमी होतात कारण अस्थिमज्जेचं उत्पादन मंदावतं आणि तयार झालेल्या रक्तात नष्ट होतात. गळतीशी त्यांचा थेट संबंध नाही, वेळ तेवढी एक. बाहेरून चढवलेल्याही तशाच नष्ट होतात. सिंगापूर आणि मलेशियात ३७२ मोठ्या माणसांवर झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांच्या प्लेटलेट २० हजार किंवा त्याखाली होत्या. निम्म्यांना चढवल्या, निम्म्यांना नाही. रक्तस्रावात म्हणण्यासारखा फरक पडला नाही, रिॲक्शनसारखे त्रास मात्र चढवलेल्या गटात जास्त झाले. म्हणून ३८ हजारांवर, रक्तस्राव नसताना, डॉक्टर चढवत नाहीत ही टाळाटाळ नव्हे. नाकातून, हिरड्यांतून न थांबणारं रक्त, काळी शी, बाईला अंगावरून जास्त जाणं, असं काही झालं तर गोष्ट वेगळी. तसंच दहा हजारांच्या खाली गेल्यावर बहुतेक ठिकाणी विचार करतात, मीही करते. मधल्या पट्ट्यात पेशंटचं वय, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, अल्सर आहे का, यावर ठरतं. तिथे एक आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

पपईच्या पानांचा रस देऊ नका असं सांगितलं की लोक नाराज होतात. माझं म्हणणं एवढंच आहे. सहाव्या-सातव्या दिवसापासून प्लेटलेट तशाही चढतात, त्यामुळे त्या दिवशी जे काही पाजलं असेल त्याला श्रेय मिळतं. पपई, किवी, ड्रॅगन फ्रूट, बकरीचं दूध. किवीने कुणाचं वाईट होत नाही, पाकीट सोडून. पण कच्च्या पानांचा कडू रस पिऊन चार उलट्या झालेला पेशंट मी रात्री घेतलाय. पोटॅशियम २.८, पीसीव्ही आणखी वर. आणि 'उलट्या थांबत नाहीत' हे स्वतःच डेंग्यूतलं धोक्याचं चिन्ह. आता ती रसाची की आजाराची, हे रात्री दोन वाजता मी कसं ओळखायचं?

रात्रीवरून आठवलं. लॅबचा आकडा दर वेळी शरीरातलाच असतो असं नाही. एकदा असाच एक तरुण, बरा होत आलेला, पोटॅशियम ६.९ म्हणून फोन. एवढ्यावर हृदय थांबू शकतं. धावत गेले तर तो मोबाइलवर क्रिकेट बघत बसलेला, ईसीजी स्वच्छ. टेक्निशियनला नमुना दाखवायला सांगितलं. सीरम पिवळसर असायला हवं ते गुलाबी होतं. शीर सापडेना म्हणून बारीक सुईने जोर लावून ओढलं होतं, तांबड्या पेशी फुटल्या आणि त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर आलं. असा नमुना एसजीओटीही खोटं वाढवतो. पुन्हा काढलं, ४.१. प्लेटलेटचंही तसंच. मशीन गुठळ्या मोजत नाही. अचानक अविश्वसनीय आकडा आला तर काचपट्टीवर डोळ्यांनी बघून घ्या म्हणायचा हक्क तुम्हाला आहे.

सीआरपी, फेरिटिन (दाहाच्या खुणा), डी-डायमर (गुठळ्यांची खूण) अजून का केलं नाही, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. हा करोनाचा वारसा. २०२० आणि २०२१ मध्ये घरोघरी हे शब्द पाठ झाले. तो विषाणू वेगळा, त्याचं रक्तातलं गणित वेगळं. तिथे फुफ्फुसाचा दाह आणि रक्ताच्या गुठळ्या यांचा माग काढायचा होता, आणि स्टिरॉइडने साखर किती उसळतेय ते बघायचं होतं. ती न बघितल्याची किंमत काळ्या बुरशीच्या रूपाने २०२१ मध्ये महाराष्ट्राने मोजली. डेंग्यूत स्टिरॉइडचा उपयोग नाही. फेरिटिन हजारांत येतं आणि ते वाचून नुसती झोप उडते. सीआरपी फार चढत नाही. ताप सातव्या दिवसानंतरही हटला नाही, किंवा जाऊन परत आला, तर मात्र मी हे सगळं मागवते. तेव्हा प्रश्न बदललेला असतो. वरून जिवाणूंचा संसर्ग झालाय का, की प्रतिकारशक्ती बेलगाम होऊन स्वतःच्याच रक्तपेशी खातेय.

भाऊ धडधाकट चौतीस वर्षांचा आहे हे धरून मी लिहिलंय. गरोदर बाई असेल तर पीसीव्हीची पट्टी मुळातच खाली सरकलेली असते. मधुमेही असेल तर साखर दिवसातून चार वेळा बघावी लागते. लहान मूल असेल तर साखर उलट पडतेही, आणि गळती घड्याळाच्या काट्याबरोबर वाढते. आधी एकदा डेंग्यू होऊन गेला असेल तर दुसरा जड जाण्याची शक्यता जास्त, कारण विषाणूचे चार प्रकार आहेत आणि एकाचं संरक्षण दुसऱ्याला पुरत नाही. यापैकी काही लागू असेल तर वरचा धीर थोडा आवरता घ्या.

आता उद्याचं. गळती थांबली की बाहेर गेलेलं पाणी अठ्ठेचाळीस ते बहात्तर तासांत वाहिन्यांत परत येतं. हा भाग लोकांना ठाऊक नसतो. परतीच्या वेळी बाटली जोरात चालू असेल तर पाणी फुफ्फुसात साठतं, माणूस धापा टाकायला लागतो. 'अशक्तपणा आहे, अजून दोन बाटल्या लावा' हा आग्रह सातव्या दिवशी करू नका. डॉक्टर सलाईनचा वेग कमी करत असतील तर ते लक्ष देतायत. याच काळात लघवी धो-धो होते, पोटॅशियम थोडं आणखी उतरतं, अंगावर खाज सुटते. पीसीव्ही खाली येते. मात्र तीच पीसीव्ही खाली येताना नाडी वाढत असेल, पोट दुखत असेल, चेहरा पांढरा पडत असेल, तर ते पाणी परतणं नाही, आत कुठेतरी रक्त जातंय. सिस्टरला लगेच हाक मारा.

तर सकाळचा सीबीसी हातात आला की प्लेटलेटच्या ओळीवर बोट ठेवायच्या आधी पीसीव्ही बघा आणि ४७.५ शेजारी लिहा. ४३-४४ वर आली असेल, रात्रीच्या लघवीची बेरीज पुरेशी असेल आणि भाऊ दवाखान्याच्या उपम्याला नावं ठेवत असेल, तर प्लेटलेट तीस हजार असल्या तरी मला चालतील. ताप जाऊन अठ्ठेचाळीस तास, सलाईनशिवाय स्थिर पीसीव्ही आणि चढू लागलेल्या प्लेटलेट, एवढं जमलं की डॉक्टर स्वतःच कागद करतील. घरी गेल्यावर आठ-दहा दिवसांनी एकदा एसजीपीटी करून घ्या, आणि तोपर्यंत जिमला जाऊ देऊ नका.